होशिम उस्तांचा हिरवा बर्फ

पाळण्याचा रंग बिघडवला तो मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या मर्गिलानच्या गल्लीत ही हकिगत आता जो तो आपापल्या परीनं सांगतो. कुणाच्या सांगण्यात दोष होशिम उस्तांच्या डोळ्यांचा असतो, कुणाच्या रंगवाल्याचा, कुणाच्या थंडीचा. माझं नाव कुणी घेत नाही. ते प्रेमापोटी नव्हे. अर्ध्या गल्लीत माझ्याच गाळ्यातले दिवे लागलेत, आणि आपण दिवे कुणाकडून घेतले हे चारचौघांत कबूल करायला कुणाला आवडेल?

कुमतेपाच्या बाजारात माझा छोटा गाळा आहे. वायरी, बटणं, होल्डर, एलईडीचे बल्ब आणि पट्ट्या. गावच्या तंत्रशाळेत मी तीन वर्षं वीज शिकलो. म्हणजे दोन वर्षं मास्तरांचा चहा आणला आणि एक वर्ष खरंच शिकलो. त्या एका वर्षाच्या जोरावर मी लोकांना सल्ले देतो.

डिसेंबर लागला तसे उस्ता, म्हणजे गल्लीतले पाळणे करणारे कसबी कारागीर, माझ्याकडे आले ते दोन दिवे मागायला. एक कामाच्या खोलीसाठी आणि एक सुनेसाठी.

सून म्हणजे लिंबूचं झाड. खरी सून त्यांच्या मुलाबरोबर, अन्वरबरोबर, ताश्कंदला नवव्या मजल्यावर राहते. ती दोघं गेली त्या वर्षी उस्तांनी बाजारातून वीतभर रोप आणलं, डब्यात लावलं आणि बायकोला सांगितलं, ही घे सून, ही कुठे जाणार नाही. डब्याची बादली झाली, बादलीचं पिंप झालं. उन्हाळ्यात झाड अंगणात असतं, आणि पहिली थंडी पडली की उस्ता आणि मी ते उचलून कामाच्या खोलीत नेतो. दरवर्षी उचलताना ते म्हणतात की सून जरा अंगानं भरलीये, आणि दरवर्षी आतून त्यांच्या घरच्या, सोजिदा अया, ओरडतात की मेले झाडालासुद्धा नजर लावतील.

कामाची खोली उत्तरेकडे तोंड केलेली. एकच खिडकी, आणि थंडी आत येऊ नये म्हणून तिच्यावर हिवाळाभर प्लास्टिक ठोकलेलं. आत लेथ. लेथची मोटर जुन्या धुलाईयंत्राची आहे, त्यामुळे काम सुरू झालं की शेजाऱ्यांना वाटतं अया गोधड्या धुतायत. या लेथवर उस्ता चाळीस वर्षं पाळणे करतायत. तुतीचं किंवा विलोचं लाकूड कातायचं, त्याचे गोल दांडे करायचे, दांड्यांवर लाल, पिवळी, हिरवी वळी काढायची आणि मग सगळं जोडायचं. अर्धं मर्गिलान त्यांच्या पाळण्यात निजलंय आणि ओलं झालंय. रस्त्यात मोठमोठी मिशीवाली माणसं भेटली की ते त्यांना पाळण्यावरून ओळखतात. "हा तुतीचा, डाव्या अंगाला जरा कलायचा." नगरपालिकेतल्या साहेबालाही त्यांनी हे तोंडावर सांगितलंय. मीही त्यांच्याच पाळण्यातला; आमच्याकडे बाळाला त्यात पट्ट्यांनी घट्ट बांधून निजवतात. माझ्या हातून काही चुकलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असतं: "तुझ्या आईनं तुला सैल बांधलं, तोलिब. पाळण्याचा दोष नाही."

तर दोन दिवे. मी तज्ज्ञ माणूस. मला कळवळा आला. म्हटलं, या म्हाताऱ्याला दोन दिव्यांचा खर्च कशाला? फरगान्याच्या ठोक बाजारातून मी नुकत्याच जांभळ्या पट्ट्या आणल्या होत्या, लाल आणि निळे ठिपके एकाआड एक लावलेल्या, खास झाडांसाठी. स्वस्तही होत्या. खोक्यावर हिरव्यागार टोमॅटोचं चित्र होतं. मी उस्तांना म्हटलं, ही एकच लांब पट्टी छताला लावू, झाडही खूश आणि तुम्हीही. उस्ता म्हणाले, हा उजेड लग्नाच्या हॉलसारखा दिसतोय. मी म्हटलं, नवीन शास्त्र आहे, डोळ्यांना सवय होईल.

सवय झाली, हेच तर झालं.

बाहेर धुकं, दिवस आखूड, गॅस जेमतेम. उस्ता सकाळी त्या जांभळ्या खोलीत शिरत ते जेवायलाच बाहेर येत. हाती काम होतं ओयनिसाबाईंच्या नातवाच्या पाळण्याचं. आमच्याकडे पाळणा आईच्या माहेरून येतो. नान, मिठाई, कपडे, सगळं पाळण्यावर लादून वाजतगाजत व्याह्यांच्या दारी न्यायचं. ओयनिसाबाईंचे व्याही जरा नाक वर करून चालणारे. त्यामुळे त्यांनी उस्तांना बजावलं होतं की लाल म्हणजे डाळिंबासारखा लाल पाहिजे. रविवारी समारंभ होता. मंगळवारी त्या पाळणा बघायला आल्या. उस्तांनी तो पहिल्यांदाच अंगणात आणला.

मी तिथे नव्हतो, पण अयांनी मला इतक्यांदा सांगितलंय की असल्यासारखाच आहे. लाल वळी वाळलेल्या कलेजीच्या रंगाची. हिरवी वळी अशी फिकट की आजाऱ्याचं तोंड बरं. ओयनिसाबाईंनी ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. जन्माच्या वस्तूकडे बघून बाईमाणसानं असं तोंड झाकावं, हे उस्तांना फार लागलं. ते म्हणाले, शनिवारी या, बघतो. मग आत गेले, लेथचा पट्टा काढला आणि खिळ्याला टांगून ठेवला.

हा पट्टा काढणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. अन्वर गेली तीन वर्षं त्यांच्या मागे लागलाय की पुरे झालं, ताश्कंदला चला. उस्ता प्रत्येक वेळी एकच सांगायचे: ज्या दिवशी माझी लाल-हिरव्यात गफलत होईल त्या दिवशी मी स्वतः पट्टा काढीन, तू मला न्यायला ये. शब्दाचा माणूस. आणि अयांनी, काळजीनंच म्हणा, त्याच संध्याकाळी मुलाला फोन केला. अन्वर म्हणाला, शनिवारी गाडी घेऊन येतो.

हे सगळं मला बुधवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी नानवाल्यानं सांगितलं. नान माझ्या हातात ठेवताना म्हणाला, उस्तांचे डोळे गेले रे. मी दोन नान जास्त घेतले आणि समाचाराला गेलो. खरंच सांगतो, तोवर माझ्या डोक्यात दिव्याचा विचारही नव्हता.

उस्ता आतल्या खोलीत निखाऱ्यांच्या चौरंगाशी गोधडीत पाय घालून बसले होते. गालात खडीसाखर, हातात चहाची वाटी. कामाच्या वेळेला मी त्यांना घरात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. टोपीसुद्धा नवी घातलेली, जणू कुठे जायला निघालेत. अयांनी चहा ओतला आणि त्या बाहेर गेल्या. ओल्या गोधडीसारखं काहीतरी झटकण्याचा आवाज येत राहिला.

ते माझ्याशी इकडचं तिकडचं बोलले. नवव्या मजल्यावर लिंबूचं झाड नेता येईल का, लिफ्टमध्ये पिंप मावतं का, असलं. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले,

"कुणाला सांगू नकोस. अयेलाही नाही. मला बर्फ हिरवा दिसतो."

मी वाटी खाली ठेवली.

"दहा दिवस झाले. काम करून बाहेर आलो की अंगण हिरवं, भिंत हिरवी. चहा पिऊन होईस्तोवर थोडं निवळतं. परवा अयेचं तोंड हिरवं दिसलं. ती आजारी आहे असं वाटून मी तिला दोन दिवस भांडी घासू दिली नाहीत."

तंत्रशाळेतलं ते एकुलतं वर्ष एकदम जागं झालं. जांभळ्या उजेडात तासन्‌तास बसलं की डोळा त्या रंगाला सरावतो, आणि साध्या उजेडात आलं की जग हिरवं भासतं. हिरवा रंग जांभळ्या उजेडात जवळजवळ काळा दिसतो. म्हणून उस्ता त्यात पिवळा आणि पांढरा ओतत गेले. लाल फिका दिसतो. म्हणून ते त्यात काळा कालवत राहिले. आणि बाहेर आल्यावर सगळं चुकीचं दिसलं तर दोष डोळ्यांचा मानला, कारण आतल्या खोलीत तर सगळं बरोबर दिसत होतं.

मी लगेच बोललो असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी दोन वाट्या चहा प्यालो. मनात म्हटलं, अन्वर चांगला मुलगा आहे, ताश्कंदला गरम पाणी चोवीस तास येतं, म्हाताऱ्यांचं तिथे बरंच होईल. माणूस स्वतःला वाचवायचं म्हटलं की किती दुसऱ्याच्या भल्याचं बोलतो! तिसरी वाटी उस्तांनी स्वतः ओतली. वाटी भरली की नाही ते बघायला त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. ते मला बघवलं नाही.

"उस्ता," मी म्हटलं, "तुमचे डोळे ठीक आहेत. दिवा वाईट आहे. म्हणजे दिवा चांगला आहे, पण तो फक्त झाडासाठी. दोष माझा आहे."

आणि सगळं सांगितलं. खोक्यावरच्या टोमॅटोसकट.

उस्तांनी वाटीतला चहा संपवला. मग उठले, रबरी जोडे चढवले, अंगणात गेले. मीही मागोमाग. त्या दिवशी त्यांनी कामाच्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं. तुतीच्या बुंध्याशी रात्रीचा बर्फ साठला होता, त्याच्यासमोर ते उभे राहिले.

"म्हणजे हा पांढरा आहे?"

"पांढरा आहे, उस्ता."

"मलाही पांढराच दिसतोय. सकाळपासून दिसतोय. मला वाटलं, काम सोडलं म्हणून देवानं दया केली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या आईनं तुला बांधलंच नव्हतं. मोकळा सोडला होता."

अया झाडू घेऊन भिंतीच्या कडेला उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्या एवढंच म्हणाल्या की दोन दिवस भांडी घासलीत ती मला वाटलं म्हातारपणी अक्कल आली.

पण डोळे शाबूत आहेत हे आम्हा तिघांना कळून उपयोग नव्हता. पाळणा शनिवारी तयार हवा होता, अन्वर शनिवारी येणार होता, आणि अंगणात काम करावं तर रंग ब्रशावरच गोठत होता. दिवा हवा होता. मी म्हटलं, सगळ्यात महागातला आणून लावतो, माझ्याकडून. उस्ता म्हणाले, तू पुन्हा निवडू नकोस, मी निवडतो.

गुरुवारी बाजाराच्या दिवशी ते गाळ्यावर आले. खिशातून दोन वस्तू काढल्या. एक रेशमी अतलसचा तुकडा: अयांच्या लग्नातल्या झग्याचा, वीतभर, त्यात लाल, पिवळा, हिरवा, निळा आणि काळा, सगळे एकमेकांत घुसलेले. दुसरा लाकडी भोवरा, त्याच्या अंगावर पांढरी रेघ ओढलेली.

"एकेक पेटव," म्हणाले.

मी एकेक दिवा पेटवत गेलो आणि ते त्याखाली तुकडा धरत गेले, मग तोच तुकडा गाळ्याबाहेर उन्हात, मग पुन्हा आत. निळसर पांढऱ्या बल्बखाली लाल मेल्यासारखा पडला, तो बाद. पिवळ्या बल्बखाली निळा आणि काळा एक झाले. तो म्हणे सासूबाईंच्या खोलीत लावायला ठीक. सगळ्यात जास्त उजेड पडणारा होता, तो मी कौतुकानं दाखवला, तर म्हणाले, जोरात बोलणारा माणूस खरंच बोलत असतो असं नाही. आजूबाजूला गर्दी जमली. समोरच्या अतलसवाल्या बाई उठून आल्या आणि त्यांनी फुकटात रंगांची नावं सांगायला सुरुवात केली.

रंग पटणारे तीन उरले. मग भोवरा. त्यांनी तो फळीवर फिरवला. पहिल्या दिव्याखाली गंमत झाली: भोवरा गरगरतोय आणि रेघ जागच्या जागी थांबल्यासारखी दिसतेय. लोक हसले. उस्ता हसले नाहीत.

"फिरतंय ते थांबलेलं दाखवणारा दिवा लेथवर लावला, तर मी एक दिवस बोटं मोजत बसेन. काढ तो."

असले डोळ्यांना न कळता लुकलुकणारे बल्ब मी चार वर्षं सुतारांना विकत होतो. त्या दिवसापासून माझ्याही गाळ्यात एक भोवरा आहे.

राहिले दोन. एक साठ हजार सोमचा, एक बावीस हजारांचा. दोन्हींखाली अतलस तीच, भोवरा तोच. साठवाला का महाग, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याचं खोकं चांगलं आहे. त्यांनी बावीसवाले दोन घेतले, एक समोरून आणि एक डाव्या बाजूनं लावायला, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली कामावर पडणार नाही. सुनेसाठी जांभळी पट्टी ठेवायची का, असं मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, तिनं काय अपराध केलाय? साधी पांढरी नळी दे. ती मी पानांपासून दीड वीत उंचीवर टांगली आणि सकाळी लागून संध्याकाळी विझेल असा टायमर बसवला. सुनेलाही झोप हवी, हे अयांचं म्हणणं.

मग उस्तांनी खिळ्यावरचा पट्टा काढला आणि लेथला चढवला. अया बाहेरून म्हणाल्या, झालं, लागल्या गोधड्या धुवायला.

दोन दिवस मी गाळा बंद ठेवून पॉलिश पेपर घासत होतो. कलेजीचा रंग इतका चिवट की माझ्या बोटांची सालं गेली. उस्ता मध्येच येऊन बोट फिरवत आणि म्हणत, अजून. लाल रंग त्यांनी तीनदा कालवला. प्रत्येक वेळी अयांनी फोडलेल्या डाळिंबाचा दाणा शेजारी ठेवून बघायचे आणि मग तो दाणा खायचे. तिसऱ्यांदा दाणा खाल्लाच नाही, ब्रश उचलला.

शनिवारी दुपारी अन्वर आला; मी त्याला मोठ्या भावासारखं अका म्हणतो. गाडीची डिकी रिकामी, मागची सीट पाडलेली. सामान न्यायची पूर्ण तयारी. अंगणात उन्हात पाळणा ठेवला होता. तो त्याच्याभोवती एकदा फिरला आणि सवयीनं पायानं हलकेच ढकलून बघायला गेला. अयांनी त्याच्या पोटरीवर झाडू हाणला. रिकामा पाळणा हलवू नये हेही ताश्कंदला विसरलास का, म्हणाल्या. बेचाळीस वर्षांचा माणूस पोटरी चोळत उभा राहिला.

तेवढ्यात ओयनिसाबाई आल्या. त्या तयारीनिशी आल्या होत्या. डोक्याला डाळिंबी रुमाल. सरळ गेल्या, रुमालाचं टोक सोडवलं आणि पाळण्याच्या लाल वळ्यावर टेकवलं. मग हिरव्यावरून बोट फिरवलं. उस्ता आकाशाकडे बघत होते.

त्यांनी रुमाल परत बांधला आणि म्हणाल्या, विहीणबाई उद्या बघतील तेव्हा मला त्यांचं तोंड बघायचंय. उस्ता, मंगळवारी मला काहीतरी भलतंच दिसलं होतं का?

उस्तांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो आणि सगळं माझ्या नावावर सांगितलं, अन्वर अकासमोरच. ओयनिसाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, हा कुणाच्या पाळण्यातला?

"माझ्याच," उस्ता म्हणाले. "सैल बांधलेला."

अन्वर अका बापाला बाजूला घेऊन गेला. हळू आवाजात काय बोलला ते कळलं नाही. उस्तांचं उत्तर मात्र आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मी शब्द दिलाय, तो मोडत नाही. गफलत झाली की येईन. पण माझी झाली पाहिजे, तोलिबची नव्हे. त्याच्या गफलतींवर मोजायला लागलो, तर चंद्रावर जाऊन राहावं लागेल."

अन्वर अका हसला. मग त्यानं बाह्या वर केल्या, आणि बापाला न्यायला आणलेल्या गाडीत आम्ही तिघांनी पाळणा चढवला. डिकीत तो पुरता मावला नाही. दार दोरीनं बांधून तो ओयनिसाबाईंना आणि पाळण्याला घेऊन गेला. परत आल्यावर दोन दिवस राहिला. जाताना माझ्याकडून दोन बावीसवाले बल्ब घेऊन गेला, भोवरा फिरवून पाहूनच.

अन्वर अका गेल्यावर मी उस्तांना म्हटलं की दिव्यांचे पैसे नकोत, दंड समजा. त्यांनी नोटा माझ्या खिशात कोंबल्या. म्हणाले, दिवे चांगले आहेत, दंड वेगळा. मग मला कामाच्या खोलीतल्या माळ्याकडे बघायला लावलं. तिथे तुतीच्या लाकडाचे चार ओंडके सालीसकट वाळत पडले होते, एकावर खडूनं माझं नाव. मी वीस वर्षांचा झालो त्या वर्षी त्यांनी ते माझ्या पहिल्या मुलाच्या पाळण्यासाठी काढून ठेवलेत, आणि माझं अजून लग्नही झालेलं नाही.

"पण उस्ता, पाळणा तर मुलीकडचे आणतात. माझ्यावर कसला दंड?"

"म्हणून तर. मुलगी तू आण. पाळण्याचं मी आणि तिचे आईबाप बघून घेऊ."

या गोष्टीला दोन हिवाळे झाले. सुनेला यंदा सात लिंबं लागली. त्यातलं एक अयांनी माझ्या चहात पिळलं आणि कुणा ओळखीच्यांच्या मुलीचं नाव काढलं. मी टायमर दुरुस्त करायच्या निमित्तानं कामाच्या खोलीत सटकलो. वर माळ्यावर चारी ओंडके तसेच होते. खडू थोडा पुसट झाला होता, तर उस्तांनी स्टूल घेऊन माझं नाव पुन्हा गिरवलेलं होतं, या वेळी लाल रंगानं.